श्रीजेशच्या जागेचं काय, आणि सगळे एवढे गप्प का?

भुसावळचा जुना गोलकीपर

राम राम मंडळी. आधी प्रश्न विचारतो, बाकीचं मागून.

जून २०२५ च्या युरोप दौऱ्यात हॉकीच्या प्रो लीगमध्ये आपण लागोपाठ सात सामने हरलो. नेदरलँड्सशी १-२ आणि २-३, अर्जेंटिनाशी ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाशी दोन्ही वेळा २-३, मग बेल्जियमने ६-३ असं धुतलं. दुसऱ्या दिवशी त्याच बेल्जियमला ४-३ हरवलं म्हणून निदान घरी परतताना हातात काहीतरी होतं. नऊ संघांत आपण आठवे. आता जुलै २०२५, पावसाळा लागलाय. २९ ऑगस्टपासून राजगीरला आशिया कप आहे, आणि तो जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचं थेट तिकीट आहे. एवढं सगळं समोर असताना आपल्याकडे चर्चा कसली? कसलीच नाही. ललित उपाध्यायने निवृत्ती घेतली, तेवढी एक बातमी. बंगळुरूच्या शिबिरात बहुतेक तीच नावं. ही शांतता तयारीची आहे, की कोणाला काही पडलेलंच नाही?

आता मला काय खुपतंय ते सांगतो.

त्या सातांपैकी सहा सामने एका गोलने गेले. मी सगळे मोबाइलवर पाहिले, गच्चीवर खाट टाकून, कारण जूनमध्ये आमच्या भुसावळला रात्री दहालासुद्धा भिंती गरम असतात. नेदरलँड्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात आपण बरोबरीत होतो आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत गोल खाल्ला. बायको खालून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, हरलो. पण मला झोप लागली नाही. मी स्वतः चौदा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, रेल्वे कॉलनीच्या संघासाठी, मुरमाच्या मैदानावर. ती शेवटची दोन-तीन मिनिटं काय असतात ते मला ठाऊक आहे.

लोक म्हणतात फॉरवर्ड लाइन कमी पडतेय, हरमनप्रीतशिवाय पेनल्टी कॉर्नरवर कोणी नाही. असेलही. पण सात सामन्यांत आपण चौदा गोल केले. गोल करता येत नाहीत अशी ही टीम नाही. खाल्लेले मोजा, तेवीस होतात.

कृष्ण पाठक वाईट गोलकीपर आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्याचे रिफ्लेक्स चांगले आहेत, पाय झटकन पडतो. आपल्या मुंबईचा सूरज करकेराही मेहनती. प्रश्न वेगळा आहे. आपला गोलकीपर श्रीजेश पॅरिस ऑलिम्पिकनंतर निवृत्त झाला, त्याची १६ नंबरची जर्सी सीनियर संघात आता कोणाला देणार नाहीत असं जाहीर झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण १६ नंबर बाजूला ठेवला म्हणून ती जागा भरत नाही ना. तिथे कोणीतरी उभं राहायचंय.

श्रीजेश फक्त बॉल अडवत नव्हता. तो बोलत होता. टीव्हीवर प्रेक्षकांचा गोंगाट असतानाही त्याचा आवाज ऐकू यायचा. डावीकडे सरक, मागे बघ, स्टिक खाली ठेव. टोकियोचा ब्राँझचा सामना आठवा. जर्मनीविरुद्ध ५-४, सहा-सात सेकंद उरलेले आणि त्यांना पेनल्टी कॉर्नर. त्या आधी तो काय करत होता ते बघा. एकेकाला हात धरून जागेवर उभं करत होता. मग पॅरिसचा ब्रिटनविरुद्धचा क्वार्टर फायनल. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, उरलेला सामना दहा जणांत, १-१, आणि शूटआउटला ४-२. त्या चाळीस-बेचाळीस मिनिटांत डिफेन्सला जी शिस्त होती ती मागच्या माणसाच्या आवाजातून येत होती. फुलबॅकला पाठीमागे डोळे नसतात. त्याचे डोळे म्हणजे गोलकीपर.

ॲमस्टेलव्हीन आणि अँटवर्पला मला तो आवाज ऐकू आला नाही. बॉल डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, आला की आपले चौघे चार दिशांना बघत होते.

तर माझा प्रश्न असा: श्रीजेश २००६ पासून संघात होता. शेवटची दहा-बारा वर्षं तर त्याच्याशिवाय मोठा सामना नाही. एवढ्या काळात दुसरा माणूस मोठ्या सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी का तयार झाला नाही? आणि आता हे रिकामे दोन महिने आहेत, तर त्यावर कोणी बोलतंय का? खान्देशात हॉकी बघणारे किती उरलेत मला माहीत नाही, पण जे आहेत त्यांनी मनापासून लिहा.

धुळ्याचे क्रीडाशिक्षक

काका, नमस्कार. तुमची तळमळ पोचली. पण दोन ठिकाणी मी तुमच्याशी सहमत नाही, स्पष्ट लिहितो.

पहिलं, पाठकला तयार केलं नाही हे पूर्ण खरं नाही. तो २०१८ पासून सीनियर संघात आहे. श्रीजेश असतानाही प्रो लीगच्या बऱ्याच सामन्यांत दोघं क्वार्टरनुसार आलटून-पालटून उतरत होते. पंधरा मिनिटं हा, पंधरा मिनिटं तो. आजही पाठक आणि करकेरा तसेच उतरतात. सामने मिळाले नाहीत असं म्हणता येणार नाही.

दुसरं, शांततेबद्दल. काका, ही शांतता आपल्याला फार महागात मिळालीय. जरा मोजून बघा. २०११ ते २०१९ या काळात भारताचे कोच कोण कोण झाले? मायकल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन आस, रोलंट ओल्टमन्स, शूर्ड मरीन, हरेंद्रसिंग आणि मग ग्रॅहम रीड. आठ वर्षांत सात कोच! एक स्पर्धा हरली की कोच बाहेर. व्हॅन आस तर काही महिन्यांतच गेले. रीड टिकले आणि टोकियोला एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं. २०२३ ला क्रेग फुल्टन आले, त्यांना वेळ मिळाला आणि पॅरिसला पुन्हा ब्राँझ. ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला १९७२ नंतर पहिल्यांदा हरवलं, ३-२. सात पराभवांनंतरही कोणाची हकालपट्टी नाही, याला मी प्रगती म्हणतो.

आणि १९९८ विसरलात का? बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं. फायनल कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर गेली, आशिष बल्लाळने वाचवलं. घरी आल्यावर काय? धनराज, बल्लाळ यांच्यासकट सीनियर मंडळी पुढच्या मालिकेतून बाहेर. जिंकूनही! तो गोंगाटाचा काळ होता. मला तो परत नको.

माझ्या मते खरी अडचण मिडफील्डमध्ये आहे. बॉल हरवला की मागे धावायला आपले लोक दोन पावलं उशीर करतात. मग डीमध्ये समोरचे तीन, आपले दोन. तिथे कोणी श्रीजेश, कोणी शंकर लक्ष्मण असला तरी गोल होणारच. रूपिंदर आणि बीरेंद्र लाक्रा टोकियोनंतर एकाच दिवशी निवृत्त झाले, तेव्हापासून मागची फळी अमित आणि हरमनप्रीतच्या खांद्यावर आहे. संजय, जुगराज चांगले आहेत, पण त्यांना वेळ लागेल.

मी शाळेत नेहरू कपसाठी दरवर्षी पोरं तयार करतो. जिल्ह्याच्या सामन्यात हरलो की पालक पहिलं बोट गोलकीपरकडे दाखवतात. मला ते फार खटकतं.

रावेर केळीवाला

काका, एवढा इचार कायले? श्रीजेशले वापस बोलवा, मिटला विषय. सदतीसचा तर हाये अजून.

आमच्याकडे वादळात केळी आडवी झाली की आम्ही रडत बसत नाही, जे खोड उभं हाये त्याले टेकू देतो. पुढचं पुढे.

धुळ्याचे क्रीडाशिक्षक

भाऊ, तो ज्युनिअरचा कोच आहे आता. डिसेंबर २०२४ ला मस्कतला पाकिस्तानला ५-३ हरवून ज्युनिअर आशिया कप आणला त्याने. आणि या वर्षाअखेर ज्युनिअर विश्वचषक तामिळनाडूत आहे. त्याला तिथून उचललं तर पुढची दहा वर्षं कोण बघणार?

भुसावळचा जुना गोलकीपर

सर, कोचच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. ती यादी वाचून मलाच लाज वाटली, त्या काळात मीही प्रत्येक पराभवानंतर "कोच बदला" म्हणणाऱ्यांत होतो. शब्द मागे घेतो.

पण क्वार्टरनुसार आलटून-पालटून खेळणं आणि तयार होणं, यात फरक आहे. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

पाठक टोकियोला राखीव होता. पॅरिसलाही राखीव होता. ऑलिम्पिकला सोळांच्या संघात गोलकीपर एकच नेतात, त्यामुळे त्याचा दोष नाही आणि निवडणाऱ्यांचाही नाही. पण माणसाला आतून ठाऊक असतं की खरा दिवस आला की आपण स्टँडमध्ये. प्रो लीगचा दुसरा क्वार्टर कितीही खेळा. तो खेळ असतो, फैसला नसतो.

हे मी का सांगतो? मी स्वतः एका पोराचं असं नुकसान केलंय. हे कधी लिहिलं नव्हतं.

मी १९८३ ला रेल्वे कॉलनीच्या संघाच्या गोलमध्ये उभा राहिलो ते १९९७ पर्यंत. लोको शेडला फिटर होतो. ड्यूटी सुटली की थेट मैदान. पॅड कॅनव्हासचे, आत कापूस आणि बांबूच्या कांड्या, पावसात भिजले की चार-चार किलोचे व्हायचे. खंडवा, इटारसी, अकोला, जिथे स्पर्धा असेल तिथे पासवर जायचो. मला कोणी बसवलं नाही आणि मीही कधी बसलो नाही. ताप असला तरी उतरायचो. लोक कौतुक करायचे, आणि मला ते फार आवडायचं.

शेवटची चार वर्षं माझ्या मागे एक पोरगा होता. आला तेव्हा पंधरा वर्षांचा. फार चांगला होता. डावा हात माझ्यापेक्षा चांगला. त्याला मी कसा खेळवला? आपण पाच गोलनी पुढे असलो की शेवटची दहा मिनिटं त्याला उतरवायचं. आणि मी सगळ्यांना सांगायचो की मी पोराला संधी देतो. ती संधी नव्हती. उरलंसुरलं ताटात वाढण्याचा प्रकार होता तो.

१९९७ ला सेमीफायनलमध्ये माझं डावं मनगट मोडलं. दोन दिवसांनी फायनल. तो एकोणीस वर्षांचा पोरगा उतरला. मी प्लास्टर घालून साइड लाइनला बसलो. पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला त्यांना, आणि पोरगा गोललाइनवरून माझ्याकडे बघायला लागला. डिफेन्सकडे नाही, बॉलकडे नाही, माझ्याकडे. मी हाताने खुणा केल्या. तेवढ्यात बॉल आत. गोलच्या मागच्या लाकडी फळीचा तो आवाज तुम्ही कोणी गोलमध्ये उभे राहिला असाल तर ठाऊक असेल, लाकडावर बॉल लागतो तो. फायनल आम्ही चार-एकने हरलो. प्रत्येक कॉर्नरच्या आधी तो माझ्याकडे बघत होता. त्याला बोलायला मी कधी शिकवलंच नव्हतं, कारण मैदानावर बोलायचा मक्ता माझा होता.

आठ दिवसांनी पॅड आणि किकर (गोलकीपरच्या बुटावरचं जाड आवरण) बारदानात बांधून माझ्या दारात ठेवून गेला. परत कधी उतरला नाही.

म्हणून विचारतो की पाठकला या दोन महिन्यांत कोणी सांगितलंय का की बाबा, शेवटचा क्वार्टर तुझा, जिंकलो तरी तुझा, हरलो तरी तुझा? आलटून-पालटून नाही. राजगीरला चारही क्वार्टर एकालाच द्या, मग तो पाठक असो की करकेरा. चूक होईल, होऊ द्या. विश्वचषकाला अजून वर्ष आहे. शांत राहायचं तर हे ठरवून शांत राहा.

अमळनेरचे नाना

वय सत्याऐंशी. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

भुसावळकर, तुमचं वाचून गळा दाटला. पण त्या पोराच्या पराभवाचं सगळं ओझं एकट्याने घेऊ नका. गोलकीपरची हीच खोड असते, सगळं आपल्यावर घेतो.

सरांनी शंकर लक्ष्मणचं नाव सहज घेतलं, म्हणून थोडं सांगतो. तो आपल्या शेजारचाच म्हणायचा. महूचा. आपल्या खंडव्यावरून छोट्या गाडीने महूला जाता यायचं. फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता, तिथे माझा चुलतभाऊ होता म्हणून आम्हाला त्याचं विशेष. तीन ऑलिम्पिक खेळला. १९५६ ला मेलबर्नला भारताने अडतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही, फायनल पाकिस्तानशी १-०. १९६० ला रोमला त्याच पाकिस्तानने १-० ने घेतलं, आणि सुवर्ण पहिल्यांदा गेलं. तेव्हा आमच्या गावात लोक काय काय बोलले होते, विचारू नका. १९६४ ला टोकियोला मोहिंदरलालच्या एका गोलवर आपण परत जिंकलो, आणि तो एक गोल पुरला याचं कारण मागे लक्ष्मण होता. आम्ही पोस्टाजवळच्या हॉटेलात रेडिओभोवती उभे होतो. मालकाने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. १९६६ ला आशियाई खेळांत तो कॅप्टन झाला आणि सुवर्ण आणलं. गोलकीपर कॅप्टन, तोवर असं झालं नव्हतं. त्याच्या म्हातारपणी महूला हलाखी होती, पाय सडला, २००६ ला गेला. आम्हाला पेपरात वाचून कळलं.

दुसरी गोष्ट मीररंजन नेगीची. १९८२, दिल्ली, आशियाई फायनल, पाकिस्तान ७, भारत १. सात गोल एका माणसामुळे होत नाहीत. दहा जण पुढे होते. पण लोकांनी त्याला विकला गेलेला म्हटलं. काय नाही नाही ते म्हटलं. तो गडी सोळा वर्षांनी, बँकॉकला ज्या संघाने सुवर्ण आणलं, त्याच्या गोलकीपरांना शिकवत होता. सर, तुम्ही बल्लाळचं नाव घेतलंत ना, त्याला तयार करणारा हा माणूस.

माझं म्हणणं एवढंच की आज पाठकचं नाव घेऊन कोणी वेडंवाकडं बोलू नये. भुसावळकर तसं बोलले नाहीत, मला ठाऊक आहे. पण वाचणारे बोलतात. आम्ही एकदा पाहिलंय ते.

चोपड्याची गोलकीपर

नमस्कार सगळ्यांना. मी दोन दिवस नुसतं वाचत होते. आज लिहिते.

काका, तुम्ही जो पोरगा लिहिलाय ना, तो मी आहे. म्हणजे आमच्या कॉलेजच्या संघात मी दोन नंबरची गोलकीपर आहे. तीन वर्षं झाली. आपण पुढे असलो की शेवटी उतरते. आमच्या पहिल्या नंबरच्या ताईचं यंदा कॉलेज संपलं. सप्टेंबरला विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात, आणि मॅडम म्हणाल्या, आता तूच. तेव्हापासून पोटात गोळा आहे. घरी सांगितलं तर आई म्हणते, मग खेळू नको. तसं नाही ना. खेळायचंच आहे.

मी श्रीजेशपेक्षा महिला संघाच्या सविता पुनियाला जास्त बघितलंय. टोकियोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १-० जिंकलो तो सामना मी यूट्यूबवर कितीदा पाहिला असेल. ती पण सतत बोलत असते. मला बोलताच येत नाही. घरात मी सगळ्यात कमी बोलणारी. मैदानात तोंड उघडलं तर आवाज बारीक निघतो, आणि फुलबॅक माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, त्यांना "सरक" कसं म्हणायचं?

आणि एक, आमच्या किटमध्ये दोन्ही किकर डाव्या पायाचे आहेत. उजव्या पायात तसाच घालते, बॉल लागला की कुठेही जातो. ही तक्रार नाही, फक्त विचारते, त्यावर काही उपाय आहे का?

धुळ्याचे क्रीडाशिक्षक

ताई, किकरसाठी सांगतो. फोम फिरवून, पट्टा उलट बाजूने आवळून तात्पुरतं काम निघतं, पण बॉलचा कोन बिघडतोच. तुमच्या मॅडमना जिल्हा क्रीडा कार्यालयात अर्ज करायला सांगा. आमच्याकडे एक जुनी जोडी आहे, मोठी होईल तुम्हाला, तरी पाठवू शकतो.

आणि काका, राजगीरला एकच गोलकीपर उतरवा, हे तुमचं म्हणणं मी काल दिवसभर डोक्यात घोळवलं. पूर्ण पटलं नाही. एकाला दुखापत झाली तर दुसरा थंड राहतो, तुमच्याच गोष्टीतल्यासारखा. पण शेवटचा क्वार्टर ठरवून एकाकडे आणि पहिले तीन दोघांत वाटून, असं करता येईल.

भुसावळचा जुना गोलकीपर

सर, हे चांगलं आहे. माझ्यापेक्षा बरं आहे. शेवटचा क्वार्टर एकाचा. चालेल.

नाना, तुमच्या पायाशी बसून ऐकायला पाहिजे हे सगळं. लक्ष्मणला मी पाहिलं नाही, पण आमच्या शेडमधले जुने ख्रिश्चन ड्रायव्हर त्याचं नाव घेताना टोपी काढायचे. नातवाला म्हणा, आजोबांचं आणखी लिहून घे.

आणि बेटा, तुझ्यासाठी.

आवाज बारीक असला तर असू दे. मोठा आवाज लागत नाही, लवकर निघालेला आवाज लागतो. बॉल तेवीस मीटरच्या रेषेवर असतानाच बोल. डीत आल्यावर ओरडून उपयोग नसतो, तेव्हा कोणी ऐकत नाही. आणि "सरक" म्हणू नको. नाव घे आणि बाजू सांग. नाव, डावी. नाव, उजवी. दोनच शब्द. मोठ्या ताईचं नाव घेताना पुढे ताई लाव, काही बिघडत नाही, अर्धा सेकंद जातो, तो तू लवकर बोलून भरून काढायचा.

पेनल्टी कॉर्नरला पाचच जणी असता, तू धरून. बॉल पुश व्हायच्या आधी प्रत्येकीकडून मान हलवून घे, मला कळलं म्हणून. जी मान हलवणार नाही तिच्याकडे परत बघ. पहिला फटका हिट असेल तर फळीच्या उंचीच्या वर चालत नाही, म्हणून हिटला पाय आणि फ्लिकला हात, हे डोक्यात पक्कं कर. खांब किती लांब आहेत ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. बारा फूट. रोज सरावाआधी गोलमध्ये उभी राहून एकदा डाव्या खांबाला स्टिक लाव, एकदा उजव्या. मान न वळवता.

आणि साइड लाइनकडे बघू नको. मॅडम असू देत, ताई असू दे, कोणीही असू दे.

चोपड्याहून सकाळची बस यावल मार्गे भुसावळला येते. येत्या रविवारपासून मी रेल्वे मैदानावर साडेसहाला असेन. दर रविवारी, सप्टेंबरपर्यंत. आईला घेऊन ये, मैत्रिणींना आण. पाऊस असला तरी ये, मुरमावर पाणी थांबत नाही. किकरची नवी जोडी मी मागवतो, डावा-उजवा बघून. पायाचा नंबर मॅडमच्या हस्ते कळव, इथे लिहू नको.

ते बारदान माझ्याकडे अजून आहे, माळ्यावर. तो पोरगा आता सत्तेचाळीसचा आहे, इथेच राहतो, दुकान आहे त्याचं. इतकी वर्षं आम्ही रामराम करतो, पण हॉकीवर कधी बोललो नाही. काल गेलो होतो त्याच्या दुकानावर. हा सगळा धागा त्याला मोबाइलवर दाखवला. उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला त्याने. मग मी विचारलं, रविवारी येशील का, पोरीला कॉर्नर मारायला कोणीतरी पाहिजे, माझं मनगट आता चालत नाही.

गिऱ्हाईक आलं मध्येच. त्याने साखर मोजून दिली, पैसे घेतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, किती वाजता?